जुन्या सीड्या, जुनी सूची, जुनी वेबसाइट: टाकायचं काय, ठेवायचं काय?

टिळकचौक

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका लहानशा संशोधन-ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर गेली चार वर्षं आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. गावातले ओळखतीलच, बाहेरच्यांना त्यानं फरक पडत नाही. मी आयुष्यभर विमा विकला. संगणकातलं मुलानं शिकवलं तेवढंच येतं, तेव्हा सांभाळून घ्या.

गोष्ट अशी. आमच्याकडे 'डिजिटल' म्हणून जे काही आहे ते सगळं म्हातारं झालंय. पेढ्यांच्या खोक्यांत २१४ सीडी आहेत, त्यांत २००३ ते २००९ या काळात स्कॅन केलेली पुस्तकं आणि जुनी नियतकालिकं. एका बंद पडलेल्या संगणकात १९९४ पासून केलेली लेखसूची आहे, म्हणजे कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात कुणाचा काय लेख. आमचे आधीचे ग्रंथपाल (आता नाहीत, इथे त्यांना 'सर' म्हणतो) ती सात-आठ वर्षं करत होते, एकतीस हजारांच्या आसपास नोंदी आहेत. आमच्या त्रैमासिकाचे अंक पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचा जुना प्रोग्राम) पडून आहेत. आणि २००६ सालची एक वेबसाइट आहे, तिच्यात पानं उलटणारं पुस्तक दिसायचं, आता नुसता करडा चौकोन दिसतो.

एका कंपनीनं नवीन पोर्टलचा प्रस्ताव दिलाय. त्यांचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, "डेटा फार जुना आहे सर, यात जीव नाही. काढून टाका, हवं ते परत स्कॅन करू." कार्यकारिणीतले बहुतेक जण तयार आहेत. तीन आठवड्यांनी बैठक आहे. मला आतून काहीतरी टोचतंय, पण बोलायला मुद्दा सापडत नाही. काय सांगू?

भडंगवाला

पेढ्यांच्या खोक्यात सीडी? सांगलीत राहून? भडंगाच्या डब्यात ठेवायच्या की ओ, हवाबंद तरी राहिल्या असत्या.

शून्य_एक

काका, मूळचा तासगावचा, सध्या पुण्यात याच धंद्यात आहे. बैठकीत काय बोलायचं ते नंतर बघू. आधी प्रत, मग मत. आज ज्या स्थितीत जे आहे त्याची हुबेहूब नक्कल होईपर्यंत कुणालाही काहीही 'साफ' करू देऊ नका, त्या कंपनीला तर नाहीच.

सीडीबद्दल दोन गोष्टी. आपण घरी किंवा ऑफिसात लिहायचो त्या सीडीत एक रंगाचा थर असतो. लेझर त्या रंगात खुणा करतो. ऊन आणि दमट हवा लागली की रंग उतरतो. दुसरं, सगळे जण खालची चकचकीत बाजू जपतात, पण चांदीसारखा थर असतो वरच्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली, वर फक्त लाखेसारखा पातळ लेप. खालचा ओरखडा एकवेळ पुसून चालतो, वरचा ओरखडा म्हणजे मजकूरच खरवडला. वर कागदाची लेबलं चिकटवली असतील तर ती सोलू नका, थर घेऊन निघतात.

एकेक सीडी घ्या आणि आतल्या फायली ओढण्याऐवजी पूर्ण सीडीची प्रतिमा घ्या, म्हणजे अख्ख्या सीडीची हुबेहूब नक्कल एकाच फायलीत. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. ते वाचता येतं ते आधी उचलतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन बघतं. एका ड्राइव्हला वाचली नाही म्हणून मेली असं समजू नका, दुसऱ्या ड्राइव्हला वाचते. घरातला जुना, जाडजूड ड्राइव्ह असेल तर तो देव माना.

आणि माझं मत विचाराल तर स्कॅन गेले तर परत होतील. सूची गेली तर ते सात-आठ वर्षं बसणारे सर परत येणार नाहीत. जीव सूचीला लावा.

टिळकचौक

शून्य_एक, मनापासून आभार. पण 'स्कॅन परत होतील' याला एक अडचण आहे. आमचं ग्रंथालय तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या खालच्या तीन कप्प्यांतलं सगळं गेलं. पाणी उतरल्यावर मी स्वतः त्या कपाटाचं दार ओढलं तर उघडेना, पुस्तकं फुगून आतून दाराला दाबून बसली होती. पहारीनं उघडलं. लगदा. वास अजून नाकातून जात नाही.

म्हणजे ज्या पुस्तकांच्या सीडी आहेत त्यांतली बरीचशी आता फक्त सीडीतच आहेत.

शून्य_एक

मग माझं वाक्य मागे घेतो. हेच बैठकीत सांगा. 'हवं ते परत स्कॅन करू' म्हणणाऱ्याला कपाटाचं दार दाखवा.

वेलदोडा

अंगावर काटा आला. आमचं मारुती चौकातलं दुकान २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा धुतलंय.

रोखठोक

सगळे भावुक होताहेत म्हणून कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा. एकतीस हजार नोंदी, ठीक. वर्षाला किती लोक वापरतात? काका, खरं सांगा. माझ्या मते दोन पीएचडीवाले आणि एक निवृत्त मास्तर. तेवढ्यासाठी डिस्क, माणूस, वीज, दर चार-पाच वर्षांनी सगळं नव्यात हलवा. त्याच पैशात खेड्यातल्या शाळेला चांगली पुस्तकं देता येतील. प्रत्येक गोष्ट जपायची नसते. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षांची विजेची बिलं जपली होती.

अनुजा_वि

रोखठोक, त्या दोन पीएचडीवाल्यांतली एक मी. :) या ग्रंथालयाची असेल की नाही माहीत नाही, पण अशाच एका सूचीवर माझं अर्धं दुसरं प्रकरण उभं आहे. स्कॅन हजार ठिकाणी मिळतात हो. पण १९२० च्या दशकातल्या मासिकात टोपणनावानं लिहिणारी बाई कोण, हे सूची करणाऱ्या माणसानं कंसात लिहिलेलं असतं. ते कुठल्याही यंत्राला त्या पानावरून कळत नाही, कारण ते त्या पानावर नसतंच.

दुसरं काका, जुन्या वेबसाइटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. तिच्यावरच्या लेखांचे पत्ते लोकांनी प्रबंधांच्या तळटिपांत दिलेले असतात. नवं पोर्टल आलं की पत्ते बदलतात आणि सगळ्या तळटिपा एका रात्रीत खोट्या पडतात. प्रबंध छापून, बांधून, जमा झालेला असतो, दुरुस्त कोण करणार? कंपनीकडून लिहून घ्या की जुना प्रत्येक पत्ता नव्या पानाकडे वळवला जाईल. फार अवघड काम नाही, एक यादी करायची असते. पण कुणी मागितलं नाही तर कुणी करत नाही. आणि डोमेनचं नाव, म्हणजे वेबसाइटचा मुख्य पत्ता, काही झालं तरी सोडू नका. एका संस्थेचं नूतनीकरण चुकलं आणि त्याच नावावर आता जुगाराची जाहिरात दिसते.

टिळकचौक

डोमेन कुणाच्या नावावर आहे हे आजच शोधलं. आमच्या एका माजी चिटणीसांच्या पुतण्याच्या. तो ऑस्ट्रेलियात आहे. फोन लावतोय.

भडंगवाला

🤣 प्रत्येक संस्थेचा एक पुतण्या ऑस्ट्रेलियात असतोच.

हरिपूरचं_पेव

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. साठवणीचा विषय निघाला म्हणून.

आमच्या आजोबांची हरिपूरला हळदीची पेवं होती. नवीन पोरांना माहीत नसेल, पेव म्हणजे जमिनीत खोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. कडेनं पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. आत वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही, रंग जात नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून जातो. आजोबा थोडा वेळ तोंड उघडं ठेवून मगच गडी उतरवायचे. हळदीला एवढी चांगली कोठी दुसरी नाही.

२००५ ला पाणी शिरलं आणि पेवंच्या पेवं गेली. पेवात खोट नव्हती. पण सगळी पेवं एकाच नदीच्या काठाला होती.

तुमच्या डिस्का किती का करेनात, सगळ्या त्याच इमारतीत ठेवू नका एवढंच.

शून्य_एक

हरिपूरकर, आमच्या धंद्यात जे तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत गावाबाहेर म्हणून शिकवतात ते तुम्ही आजोबांच्या हळदीत सांगितलंत.

मिरजमेल

गावाबाहेरची प्रत मिरजेला ठेवा. उंचावर आहे.

वेलदोडा

जतला ठेवा. प्यायलाच पाणी नाही तिथं, पुराचं कुठून येणार.

सातारी_तर्री

साताऱ्याला द्या. अजिंक्यताऱ्यावर ठेवतो. पूर आला तर नोहाची नाव लागेल.

जोक बाजूला, पण प्रत बाहेर देण्यात एक गोम असते. साताऱ्यात इतिहाससंशोधक पारसनीसांनी केवढा संग्रह केला होता, चित्रं, नकाशे, पत्रं. ते गेले आणि १९३९ साली संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे नीट आहे, मान्य. पण सातारकराला आपल्या गावाची कागदं बघायला स्वारगेटला उतरून रिक्षा करावी लागते. 'सुरक्षिततेसाठी' म्हणून गेलेली वस्तू परत येत नाही.

अनुजा_वि

पण तर्री, तो संग्रह मूळ कागदांचा होता. कागद एकीकडे गेला की दुसरीकडे राहत नाही. फाइल दिली तरी तुमच्याकडे राहतेच! डिजिटलचा तेवढाच तर फायदा आहे, तोही घ्यायचा नाही का?

सातारी_तर्री

हे आमच्या विश्वस्तांना समजवायला ये. पेढे माझ्याकडून.

रोखठोक

सगळं इंटरनेट आर्काइव्हवर (जुनी पुस्तकं, वेबसाइटी जपणारं संकेतस्थळ) टाका आणि मोकळे व्हा. फुकट आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

रोखठोक, 'टाका' बरोबर, 'मोकळे व्हा' चूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा ते संकेतस्थळ काही दिवस बंदच होतं. तरी टाकावंच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लाखो पुस्तकं स्कॅन झाली, पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं. आज ती पुस्तकं वाचता येतात ती वेळेवर कुणीतरी प्रती उतरवून आर्काइव्हवर ठेवल्या म्हणून. पण तिथे मराठी पुस्तकं शोधून बघा. शीर्षकं रोमन लिपीत अशा काही स्पेलिंगनं आहेत की लेखकाला स्वतःचं पुस्तक सापडू नये. स्कॅन वाचले, सूची हरली. मूळ सूचीशिवाय स्कॅन म्हणजे पाटी नसलेलं गोदाम. (आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं झाली नसतील तर सगळ्यांसाठी खुलं ठेवता येत नाही, तेवढं बघून टाका.)

आता टिळकचौक यांच्यासाठी. मी सातारा जिल्ह्यात पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. तुम्ही १९९४ म्हणता, तर ती सूची बहुधा सीडीएस-आयसिस या सूची करायच्या प्रोग्राममध्ये असणार. युनेस्को ते ग्रंथालयांना फुकट देत असे. संगणकात बघा, एमएसटी आणि एक्सआरएफ या शेवटांच्या फायली आहेत का. एमएसटीत खऱ्या नोंदी, एक्सआरएफ म्हणजे कुठली नोंद कुठे आहे याचा पत्ता. त्यांच्याच शेजारी एफडीटी नावाची चिमुकली फाइल असते. तिच्यात लिहिलेलं असतं की क्षेत्र (नोंदीतला रकाना) २४ म्हणजे शीर्षक, ७० म्हणजे लेखक वगैरे. ती हरवली तर मजकूर मिळेल, पण कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते बसून लावावं लागेल. ती आधी शोधा.

मराठीसाठी संगणकात सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं असेल. ते आता कुठे मिळणार म्हणून घाबरू नका. कार्ड लागायचं ते अक्षर पडद्यावर दाखवायला. साठवण इस्की या भारतीय प्रमाण संकेतात असायची.

शून्य_एक

सर, हे वाचून जीव भांड्यात पडला. ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी: मराठी संगणकात दोन पद्धतींनी साठवलं गेलं. इस्कीत अक्षर उच्चाराच्या क्रमानं, 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड संकेताचा देवनागरी भाग इस्कीवरूनच बेतलाय, त्यामुळे इस्कीतून युनिकोडात आणणं म्हणजे जवळपास एकास एक बदली. अर्ध्या दिवसाचं काम.

काकांच्या त्रैमासिकाची गोष्ट वेगळी. पेजमेकरच्या काळात श्रीलिपी, आकृती, शिवाजी असले फाँट. त्यांत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, साठवलेला असतो तुकडा: अर्धा दंड, काना, रफार, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, जशी डोळ्याला दिसते तशी. फाँट काढून घेतला की 'कृष्णा'च्या जागी पौंडाचं चिन्ह आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची वाटणी निराळी, कधीकधी एकाच फाँटच्या दोन आवृत्त्यांचीही. बदलून देणारी साधनं आहेत, पण नंतर मुद्रितशोधन माणसानंच करायचं. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर उड्या मारतात, रफार हरवतात.

काका, त्या फायलींसोबत फाँटच्या फायलीही उचला! फाँट गेला की किल्ली गेली. आणि छापील अंक असेल तर शांतपणे त्याचा स्कॅन करून ठेवा, एका दमात सगळं युनिकोड करायला जाऊ नका.

अनुजा_वि

आणि युनिकोड झालं म्हणजे संपलं असंही नाही. कऱ्हाड शोधून बघा. खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्तानं लिहिलेला 'कऱ्हाड' वेगळा, साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला 'कर्‍हाड' वेगळा. डोळ्याला एकच, संगणकाला दोन गावं. शिवाय 'कराड' आहेच. मी एकदा 'साताऱ्याचा' शोधून बारा लेख मिळाले म्हणून नाचत होते, दुसऱ्या पद्धतीनं टाइप केल्यावर आणखी सत्तावीस निघाले.

सातारी_तर्री

म्हणजे साताऱ्याचे दोन तुकडे युनिकोडनंही केले. आम्हाला सवय आहे, थोरली पाती, धाकटी पाती.

भडंगवाला

आमच्या आज्जीला विचारलं, "सीडी ठेवू का टाकू?" ती म्हणाली, "शिडी कशाला टाकतोस, माळ्यावर चढायला लागते."

टिळकचौक

मंडळी, अकरा दिवसांनी आलोय. हिशेब देतो.

शून्य_एक यांच्या ओळखीचा एक मुलगा दोन रविवार येऊन बसला. २१४ पैकी १८७ सीडी पूर्ण उतरल्या. १९ अर्धवट. ८ गेल्या. त्यांतली एक मी उजेडाकडे धरली तर टाचणीच्या टोकाएवढी भोकंभोकं, पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. त्याच सीडीवर कुणीतरी स्केचपेननं छान अक्षरात 'महत्त्वाचे' लिहून ठेवलंय.

त्या मुलानं प्रत्येक प्रतिमेचा एक लांबलचक आकडा काढून वहीत चिकटवला, चेकसम म्हणाला. मला समजावलं ते असं: किर्दीच्या पानाखाली बेरीज असते ना, मधला एक आकडा कुणी बदलला की बेरीज जुळत नाही, तसं. सहा महिन्यांनी परत काढायचा, जुळला तर फाइल धड आहे.

स्कॅन २०० डीपीआयचे (इंचाला २०० ठिपके), काळेपांढरे, टिफ प्रकारच्या फायलींत. कंपनीचा माणूस म्हणत होता जेपेगमध्ये 'हलके' करू. मुलगा म्हणाला हात लावू देऊ नका, आहेत तेच आकारानं लहान आहेत आणि त्यांत काही गळत नाही, जेपेग केलं की अक्षरांच्या कडा भुरकट होतील.

सूची मिळाली! बंद संगणकाची हार्डडिस्क काढून दुसऱ्याला जोडली. एमएसटी आहे, एक्सआरएफ आहे. एफडीटी नाही. पण निवृत्त_ग्रंथपाल म्हणाले तसं बसून बहुतेक क्षेत्रं लावली. २४ शीर्षक, ७० लेखक, पुढे मासिकाचं नाव, वर्ष, अंक. सरांच्या टीपा वाचून घशाशी आलं. एका ठिकाणी लिहिलंय: 'पान ७ उंदराने खाल्ले. मजकूर मुंबईच्या प्रतीवरून घ्यावा.' एका ठिकाणी: 'लेखकाने हा लेख पुढे नाकारला, मला समक्ष सांगितले.'

एक क्षेत्र मात्र कुणालाच कळत नाही. ८७. साधारण चार हजार नोंदींत आहे. त्यात नुसतं एक अक्षर: म, त किंवा ब. काहींत म१, म२. कंपनीचा माणूस म्हणतो हे गाळू या, नव्या पोर्टलमध्ये याला जागा नाही.

वेलदोडा

म = मराठी?

सातारी_तर्री

म = मोडी, त = तमिळ, तंजावरचं काहीतरी.

रोखठोक

म = महत्त्वाचे, त = तपासले, ब = बाद. सरळ आहे. ब वाल्या नोंदी उडवा, तेवढंच ओझं कमी.

निवृत्त_ग्रंथपाल

उडवू नका. अर्थ कळेपर्यंत आहे तसं नव्यात न्यायचं. क्षेत्राला नाव नसलं तर 'जुने ८७' म्हणा, जागा एका रकान्याची लागते. मी नोकरीत असताना एकदा 'निरुपयोगी' म्हणून एक रकाना पुसला. तो दाखलक्रमांकाचा जुना आकडा होता. पुढे लेखापरीक्षणात सहा महिने जुन्या नोंदवह्या चाळत बसलो.

अवांतर: जुनं आणि नवं एकदम बदलू नका, काही महिने दोन्ही चालू द्या. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला. एवढी मोठी संस्था, पण सूची वाचकांना परत दिसायला जानेवारी उजाडला. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच अहवाल प्रसिद्ध केला. त्यात कबूल केलं की अनेक जुन्या प्रणाली नव्यानं उभ्याच करता येईनात, म्हणून सावरायला वेळ लागला. प्रती होत्या, पण त्या जिथे चालवायच्या ते घरच राहिलं नव्हतं. प्रत असणं आणि प्रत उघडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. वर्षातून एकदा कुठलीही एक प्रत घेऊन दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा.

रोखठोक

ते वर्षातून एकदा उघडून बघणाराचा पगार कोण देणार, हा माझा मूळ प्रश्न अजून उभाच आहे. पुस्तकखरेदीचं बिल दाखवता येतं, कपाटाचं बिल दाखवता येतं. 'जुन्या फायली उघडून बघितल्या' हे कुठल्या रकान्यात घालणार?

टिळकचौक

रोखठोक, हा प्रश्न मात्र बरोबर आहे. आमच्या अंदाजपत्रकात कपाटांना वाळवीचं औषध मारायला दरवर्षी रक्कम असते. त्याच ओळीत 'व डिजिटल संग्रह देखभाल' एवढे शब्द घालायचा ठराव मांडतोय. वाळवीवर आजवर कुणी आक्षेप घेतला नाही.

रोखठोक

याला म्हणतात विमा एजंट.

अनुजा_वि

काका, ८७ साठी एक सुचवू? ज्यांनी टाइप केलं त्यांना विचारा. सरांनी एकतीस हजार नोंदी एकट्यानं नक्कीच टाइप केल्या नसणार.

टिळकचौक

दोन मुली होत्या, तेव्हा बारावी झालेल्या. जुन्या हजेरीपटात फक्त पहिली नावं आणि 'मानधन' एवढंच. लग्न होऊन कुठे गेल्या कुणास ठाऊक.

मिरजमेल

थांबा. विश्रामबागेची माझी मावशी लग्नाआधी कुठल्यातरी ग्रंथालयात 'कॉम्प्युटरवर मराठी' करायची. घरात फार कौतुक होतं. संध्याकाळी फोन करतो.

वेलदोडा

सांगली केवढी आहे ते कळतं अशा वेळी.

मिरजमेल

झालं बोलणं. तीच निघाली! तासभर सोडेना. सर रोज दुपारी चार वाजता चहा सांगायचे आणि टाइप केलेल्या पानावर लाल शाईनं इतक्या खुणा करायचे की दुसरीला रडू यायचं म्हणे.

८७ म्हणजे पुस्तक कुठे आहे ते. कपाटातल्या पुस्तकांना क्रमांक होताच, त्यांना काही लिहायचे नाहीत. कपाटात नसलेल्यांसाठी अक्षर. त म्हणजे तिजोरी, ऑफिसातली लोखंडी. ब म्हणजे बांधणीला गेलेलं. आणि म म्हणजे माळा. मागच्या खोलीत दोन माळे होते, म१ आणि म२. मावशी म्हणाली, सरांना खालच्या कप्प्यांचा भरवसा नव्हता, म्हणून जुने अंक गठ्ठे बांधून वर टाकायला लावायचे.

हरिपूरचं_पेव

वर.

शून्य_एक

काका!!! २०१९ नंतर नुकसानीची यादी कशावरून केली होती?

टिळकचौक

सूची तेव्हा बंदच होती. दाखलवहीवरून केली. कपाटात नाही ते 'पुरात नष्ट' असं सरसकट लिहिलं. मीच लिहिलं, माझी सही आहे त्याच्यावर.

मागच्या खोलीत एकच माळा दिसतो. त्यावर पुरानंतर मोडके रॅक चढवलेत. दुसरा कुठला ते बघावं लागेल. किल्ली शिपायाकडे आहे, तो उद्या येईल.

रोखठोक

माझं 'ब वाल्या उडवा' मागे घेतो. बांधणीवाल्याला पण फोन करा.

टिळकचौक

काल गेलो होतो. रॅक उतरवायला चार माणसं लागली. म१ वर गठ्ठे आहेत. सुतळी कुजलीय, वरून पालीची अंडी, दोन गठ्ठे वाळवीनं खाल्ले, ते हातात घेतले की भुगा. बाकी नऊ कोरडे. एक सोडून बघितला, नोंदीशी पडताळला, वर्ष आणि अंक जुळतात. गेल्याच्या यादीत होता तो.

म२ म्हणजे त्याच खोलीत दाराच्या वर, प्लायवूड ठोकून बंद केलेली जागा. खाली उभं राहून कळतच नाही. आत काय आहे माहीत नाही, आमची शिडी तिथवर पोचत नाही. बांधणीवाल्यांचं दुकान केव्हाच बंद झालंय, मुलगा इचलकरंजीला असतो, त्याचा नंबर मिळवतोय.

बैठक परवा आहे. कंपनीला सांगायच्या अटी अनुजा आणि ग्रंथपाल यांच्या प्रतिसादांवरून लिहून काढल्यात. ऑस्ट्रेलियाचा पुतण्या सज्जन निघाला, डोमेन संस्थेच्या नावावर करून देतो म्हणाला. एक डिस्क जतच्या मित्राकडे निघालीय (वेलदोडा, हसू नका), दुसरी साताऱ्याला तर्री यांच्याकडे, परत येईल या अटीवर.

आणि सांगलीत कुणाकडे चौदा-पंधरा फुटी शिडी असेल तर उद्या सकाळी लागेल.

भडंगवाला

आमच्या गोडाऊनला आहे. नऊला घेऊन येतो. आज्जीला सांगतो, टाकली नव्हती म्हणून.